सॅन स्टॉर्ममध्ये एस्टीमचं इंजिन बसवायचंय? आधी गिअरबॉक्सची जागा ठरव

भावा, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तू कराडचा, तुझ्याकडं सॅन स्टॉर्म आहे, गोव्यात बनलेली ती दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, फायबरची बॉडी आणि पुढं रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन. ते इंजिन जाम झालंय, पार्ट मिळेनात, म्हणून त्यात मारुती एस्टीमचं 1.3 लिटरचं इंजिन टाकायचंय. एका मेकॅनिकनं सांगितलं की रेनॉचा गिअरबॉक्स तसाच ठेवू, मधे दोन्ही जोडणारी एक अॅडॅप्टर प्लेट बनवू, इंजिन धरणारे दोन आधार म्हणजे माउंट वेल्ड करू आणि आठवड्यात गाडी चालू. तू विचारतोयस की हे खरंच होतं का, आणि लागणारे पार्ट सांगली भागात कसे बनवून घ्यायचे.

होतं. पण आठवड्यात होत नाही, आणि तुझ्या केसमध्ये अॅडॅप्टर प्लेट बनवायचीच नाही. मी कुपवाड एमआयडीसीत बावीस वर्षं फॅब्रिकेशन आणि मशिनिंग करतोय, पोटापाण्याचं काम साखर कारखान्यांचं आणि पंपांचं, पण इंजिन बदललेल्या बऱ्याच गाड्यांचे माउंट, शाफ्ट, मॅनिफोल्ड आमच्याकडं झालेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळलीय. लोक इंजिन बसवायला निघतात, खरं तर बसवायचा असतो गिअरबॉक्स. गिअरबॉक्समधनं जिथं अॅक्सल, म्हणजे चाकं फिरवणारे शाफ्ट, बाहेर पडतात ती दोन टोकं एकदा जागेवर आली की इंजिन जिथं येईल तिथं येतं, मग माउंट त्याच्यामागं धावतात. उलट केलं, म्हणजे बॉनेटखाली इंजिन छान दिसतंय म्हणून आधी माउंट वेल्ड केले, की शाफ्ट वाकड्या कोनात जातात आणि ती गाडी कधीच धड चालत नाही.

एस्टीमचं इंजिन निवडलंस ते बरोबर आहे. 16 व्हॉल्व्हचं जी13बीबी, 1298 सीसी, बोअर 74 आणि स्ट्रोक 75.5, ब्लॉक अॅल्युमिनियमचा त्यामुळं हलकं. एस्टीम 2007 ला बंद झाली तरी हेच इंजिन जिप्सीला आणि वर्साला होतं म्हणून सर्व्हिसचे पार्ट आजही मिळतात. जुन्या बलेनोचं 1590 सीसीचं टाकू का असंही तू विचारलंयस, माझं मत नको. तुझी गाडी हलकी आहे, 1.3 ला ती पळेल, आणि तेवढे पैसे ब्रेकवर घाल.

इंजिन एकटं विकत घेऊ नकोस. अख्खी गाडी घे. भंगारात काढलेली एस्टीम, कागदपत्रांसकट. तुला इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही शाफ्ट, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अख्खं वायरिंग, थ्रॉटल बॉडी, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, क्लच केबल, गिअर लिव्हर आणि त्याचे रॉड, रबर माउंट, रेडिएटरचे पाइप असं सगळं लागणार आहे आणि एकेक गोळा करत बसलास तर गाडीच्या किमतीच्या वर जातं. आणखी एक, आमच्या भागात जुनी गाडी घेताना पुराचं बघ. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, गावभाग, शेरीनाला, स्टँडचा परिसर पाण्याखाली होता, त्यात बुडालेल्या गाड्यांची इंजिनं अजून भंगारवाल्यांकडं फिरतायत. बाहेरनं धुऊन चकचकीत केलेली असतात. ऑइल फिल्टर काढून कापून बघ, कागदाच्या घड्यांत बारीक गाळ दिसला तर ते इंजिन सोड. वायरिंगचा एखादा कनेक्टर उघड, पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर असला तर वायरिंगपण गेलं. इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, मागचं क्रँक सील आणि क्लच प्लेट बदलून घे, नंतर त्या चिंचोळ्या जागेत हात जात नाही.

कायद्याचं आत्ताच बोलतो कारण नंतर सांगून उपयोग नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीनं दिलेली गाडी बदलून आरसीशी न जुळणारी करता येत नाही, आणि दुसऱ्याच कंपनीचं इंजिन टाकणं हा त्यातलाच मोठा बदल. एमएच 50 ची तुझी गाडी, आधी तिथल्या आरटीओत लेखी विचार, इन्शुरन्सवाल्याला विचार. परवानगी मिळाली नाही तर गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेव, ट्रेलरवर घालून न्यायची, कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक आहे. रस्त्यावर तशीच पळवू नकोस, उद्या काही झालं तर क्लेम तर जाईलच, समोरच्या माणसाची भरपाई तुझ्या घरावर येईल.

आता कामाचं. जमीन सपाट असलेली जागा बघ, गाडी चार स्टँडवर चढव आणि पाणसळ लावून सरळ कर. स्टँड अशा उंचीवर की चाकं लावली असती तर सस्पेन्शन जेवढं बसलं असतं तेवढंच आत्ता बसलेलं पाहिजे, त्यासाठी खालच्या आर्मखाली ठोकळे दे. मग दोन्ही पुढच्या हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधोमध ओळंबा सोड, जमिनीवर खडूनं खूण कर, दोन खुणांमधे सुतळी ताण. ही तुझी अॅक्सलची रेघ. या रेघेचा मध्य काढून गाडीच्या लांबीची दुसरी रेघ मार. पुढचं सगळं काम या दोन रेघांवर चालतं, त्या पुसू देऊ नकोस, आम्ही तर वरनं पारदर्शक टेप चिकटवतो.

चालू इंजिन घालून मापं घेऊ नकोस. एखादा क्रॅक गेलेला एस्टीमचा ब्लॉक आणि फुटकी गिअरबॉक्सची केसिंग भंगारात किलोवर मिळते, ती आण, आतलं सगळं काढून टाक, वर खराब हेड बोल्टनं लाव. हे सांगाडं हलकं असतं, दोन माणसं हातानं उचलून आत-बाहेर करतात, चाळीस वेळा केलं तरी कंबर जात नाही आणि खरं इंजिन धुळीपासून वाचतं. त्याच्याखाली चाकांची ट्रॉली बनव, चार कोपऱ्यात लांब आट्यांचे रॉड लावून, म्हणजे नट फिरवून एकेक मिलिमीटर वर-खाली करता येतं.

मग गिअरबॉक्सच्या अॅक्सलच्या दोन्ही भोकांचा मध्य त्या सुतळीच्या वर आण. अगदी तंतोतंत येणार नाही, स्टिअरिंग रॅक आडवा येतो, क्रॉस मेंबर आडवा येतो. पंधरा-वीस मिलिमीटर पुढं-मागं झालं तर चालवून घेता येतं, त्याच्यापुढं गेलं की मी क्रॉस मेंबर कापायचा विचार करतो, शाफ्टला शिक्षा देत नाही. उंचीतही तसंच. आतल्या बाजूचा जॉइंट ट्रायपॉडचा असतो, तो जास्त कोनात फिरवला की गाडी वेग घेताना स्टिअरिंगमधे थरथर येते, लोक टायर बॅलन्स करत बसतात आणि दुखणं तिथं असतच नाही.

संपचं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचं बघ. संप जमिनीच्या फार जवळ आला तर तो कापून उथळ करावा लागतो, तेव्हा आतली ऑइलची गाळणी पण तेवढीच वर घ्यायची आणि गाळणीचं तोंड नि संपचा तळ यात सहा ते दहा मिलिमीटर राहू द्यायचं. कमी ठेवलं तर तेल ओढत नाही, जास्त ठेवलं तर वळणावर हवा ओढते. आपल्याकडचे स्पीडब्रेकर तुला माहीतच आहेत, खाली चार मिलिमीटरची पट्टी लाव. वर बॉनेटचं माप घ्यायला आम्ही शाडू वापरतो. गणपतीच्या दिवसांत उरलेली शाडू माती असतेच, तिचे गोळे इंजिनवर उंच जागांवर ठेवायचे, वर प्लास्टिक कागद टाकून बॉनेट हळू बंद करायचं, उघडून गोळ्याची जाडी मोजायची. सगळीकडं किमान पंचवीस मिलिमीटर पाहिजे, कारण इंजिन रबरवर उड्या मारतं आणि तुझं बॉनेट फायबरचं आहे, पत्र्यासारखं वाकून परत येणार नाही, तडकेल.

जागा ठरली, आता माउंट. इथं एक हिशोब समजून घे, हा समजला की कुठं किती जाड प्लेट पाहिजे ते आपोआप कळतं. पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत डिफरेन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच, गिअरबॉक्सच्या पोटात असतं. म्हणजे चाकाला जेवढा टॉर्क (फिरवायचा जोर) जातो तेवढाच उलटा टॉर्क अख्ख्या इंजिन-गिअरबॉक्सला मागं फिरवायला बघतो. इंजिनचा टॉर्क शंभर न्यूटन मीटरच्या थोडा वर, पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह (चाकांआधीची शेवटची गिअरजोडी) मिळून साधारण तेरा पट, म्हणजे तेराशे न्यूटन मीटर. वरचा टॉर्क रॉड, म्हणजे इंजिनला कलू न देणारा दांडा, खालच्या माउंटपासून तीनशे मिलिमीटर अंतरावर असला तर त्या रॉडवर चार हजार तीनशे न्यूटन, म्हणजे चारशे चाळीस किलोच्या आसपास ओढ येते. आणि क्लच एकदम सोडला तर याच्यापेक्षा जास्त. मागच्या चाकांच्या गाडीत, म्हणजे पद्मिनी किंवा जिप्सीसारख्या, फायनल ड्राइव्हचा गुणाकार मागच्या अॅक्सलवर होतो, त्यामुळं इंजिनच्या माउंटला एवढं सोसावं लागत नाही. म्हणून जिप्सीला चाललेला ब्रॅकेट बघून तसाच तुझ्या गाडीला बनवला तर तो टिकणार नाही. इंजिनचं वजन पेलायला साधा ब्रॅकेटपण पुरतो, तोडतो तो हा टॉर्क.

रबर एस्टीमचंच वापर. पॉलियुरेथेनचे बुश भारी दिसतात, पण फायबरच्या गाडीत अख्खी बॉडी ढोलासारखी वाजते आणि तीन तास चालवल्यावर डोकं दुखतं. शिवाय एस्टीमचं रबर फाटलं तर मारुतीचे स्पेअर विकणाऱ्या दुकानात मिळेल, खास बनवलेलं कुठून आणणार? तर रबर मूळचं, आणि त्या रबरापासून तुझ्या चेसिसपर्यंतचा ब्रॅकेट आपला.

ब्रॅकेट आधी पुठ्ठ्याचा. खोक्याचा जाड पुठ्ठा, कात्री, टेप. पुठ्ठ्याचा बसला की त्याची कागदावर मापं, मग विश्रामबागला वालचंद कॉलेजच्या बाजूला कॅड येणारी पोरं मिळतात त्यांच्याकडनं ड्रॉइंग, आणि ते ड्रॉइंग लेझर कटिंगला द्यायच्या आधी एकास एक मापात कागदावर प्रिंट काढून परत गाडीवर धरून बघायचं. ही प्रिंट दहा-वीस रुपयांची, तिनं माझ्या कितीतरी प्लेटा वाचवल्यात. इंजिनकडची प्लेट सहा किंवा आठ मिलिमीटर, साधं आयएस 2062 चं एमएस (माइल्ड स्टील) चालतं, चेसिसकडची पाच. जिथं बोल्ट फक्त एका बाजूनं धरलाय तिथं तो वाकून तुटतो, म्हणून रबराच्या दोन्ही बाजूला कान दे, बोल्ट दोन्हीकडनं पकडला गेला पाहिजे. बोल्ट 10.9 ग्रेडचे, आटे कातरात, म्हणजे प्लेटा बोल्टला जिथं कापायला बघतात तिथं, येऊ देऊ नकोस, कातरात गुळगुळीत दांडा यायला पाहिजे. चौकोनी पाइपमधनं बोल्ट जात असेल तर आत स्लीव्ह घालून वेल्ड कर, नाहीतर आवळताना पाइप चेपतो आणि बोल्ट महिन्यात ढिला होतो.

तुझ्या गाडीला पाइपचा सांगाडा आहे, त्याच्या भिंतीची जाडी आधी मोज. पातळ पाइपवर जाड ब्रॅकेट सरळ वेल्ड केला तर वेल्डच्या कडेनं पाइप फाटतो. मधे तीन मिलिमीटरचं खोगीर दे, पाइपच्या गोलाईला वाकवलेलं, टोकं निमुळती, आणि वेल्ड पाइपच्या लांबीनं मार, पाइपला गोल वेढा घालणारा वेल्ड मारू नकोस. सगळं आधी फक्त टॅक, म्हणजे ठिपक्याएवढा वेल्ड. शाफ्ट बसले, एक्झॉस्ट बसला, रेडिएटर बसला, बॉनेट बंद झालं, स्टिअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत वळलं, मगच पूर्ण वेल्ड. टॅक ग्राइंडरनं दोन मिनिटांत सुटतो, पूर्ण वेल्ड काढायला दिवस जातो आणि पाइप खराब होतो तो वेगळाच. एमएसला सीओटू वेल्डिंग, अॅल्युमिनियम आणि एसएसला (स्टेनलेस स्टीलला) आर्गॉन. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी गाडीतनं बाहेर, बॅटरी आणि ईसीयू सुटे, फायबरवर ओली पोती, आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी. फायबरची राळ एकदा पेटली की धूर काळा आणि विझवायला वेळ देत नाही.

शाफ्टबद्दल मी कुणाचं ऐकत नाही. जुने दोन शाफ्ट कापून मधे पाइप घालून वेल्ड केलेला शाफ्ट मी करून देत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. वेल्डच्या शेजारी जिथं उष्णता लागलेली असते तिथंच तो तुटतो, आणि तुटलेलं टोक चाकाबरोबर फिरत ब्रेकचा होज कापतं. तुझ्या केसमध्ये बाहेरचा जॉइंट सॅन स्टॉर्मचा राहील कारण हब तिचं, आतला जॉइंट एस्टीमचा कारण गिअरबॉक्स तिचा, आणि मधला दांडा नवीन बनवायचा. दोन्ही टोकांना वेगवेगळी स्प्लाइन, म्हणजे दांड्यावर लांबीनं कापलेले दात, येईल. दात मोज, बाहेरचा व्यास मोज, आणि जॉइंटच हॉबिंगवाल्याला, म्हणजे दात कापणाऱ्याला, नेऊन दे, तो जॉइंटच त्याचा गेज. मटेरियल ईएन24 स्टील, हार्डन-टेम्पर केलेल्या अवस्थेतलं, त्यावर मशिनिंग होतं, नंतर स्प्लाइनच्या भागाला इंडक्शन हार्डनिंग. ईएन8 स्वस्त आणि सगळीकडं मिळतं म्हणून तेच टाकतात, मी शाफ्टला टाकत नाही. मधला दांडा स्प्लाइनच्या तळापेक्षा किंचित बारीक ठेव आणि दोन्हीच्या मधे मोठी गोलाई दे, लोकांना वाटतं जाड म्हणजे मजबूत, पण जाड दांडा पीळ घेत नाही, मग सगळा पीळ स्प्लाइनच्या शेवटच्या दाताजवळ जमतो आणि तिथं चीर पडते.

लांबी काढायला एक जुगाड आहे. दोन टोकांना दोन जुन्या शाफ्टचे तुकडे, मधे एकात एक सरकणारे दोन पाइप, एका पाइपला आट्याचं भोक पाडून स्क्रू. हा खोटा शाफ्ट गाडीत लाव, स्ट्रटमधनं स्प्रिंग काढून टाक म्हणजे चाक जॅकनं सहज वर-खाली होतं. चाक पूर्ण खाली लटकत, गाडी उभी असते त्या उंचीवर, आणि पूर्ण वर दाबून, असं तीन ठिकाणी स्टिअरिंग सरळ, पूर्ण डावं, पूर्ण उजवं. नऊ मापं एका बाजूची, नऊ दुसऱ्या बाजूची. आतला जॉइंट जेवढा आत-बाहेर सरकू शकतो त्याच्या मधोमध तुझं उभ्या गाडीचं माप आलं पाहिजे आणि कुठल्याच टोकाला जॉइंट तळाला टेकता कामा नये. टेकला तर खड्ड्यात गिअरबॉक्सच्या केसिंगवर हातोडा बसल्यासारखा मार बसतो.

आता अॅडॅप्टर प्लेटला मी नाही का म्हणालो ते सांगतो. काही वर्षांमागं एक पद्मिनी आली होती, रॅलीसाठी बनवलेली, तिला जी13 इंजिन आणि गिअरबॉक्स पद्मिनीचाच, मधली प्लेट दुसरीकडं बनवलेली. दोन महिन्यांत क्लच प्लेटचा मधला हब फाटला, बेअरिंग ओरडायला लागलं, मालकाला वाटलं क्लच डुप्लिकेट आहे. आमचे टर्नर काका फारसं बोलत नाहीत. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, प्लेट इंजिनवर तशीच ठेवली, फ्लायव्हीलवर मॅग्नेटचा स्टँड चिकटवला आणि डायल गेजची सुई प्लेटच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकवून क्रँक हातानं हळूहळू फिरवला. सुई शून्यावरनं निघाली, दहा, वीस, चाळीस, ऐंशीपर्यंत गेली आणि परत शून्यावर आली. ऐंशी म्हणजे 0.80 मिलिमीटर, म्हणजे मध्य 0.40 नं सरकलेला. डोळ्याला ते दिसत नाही. पण गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्रँकच्या मध्याशी जुळलेला पाहिजे आणि सुईची पूर्ण हालचाल 0.12 मिलिमीटरच्या आत पाहिजे, नाहीतर इंजिनच्या प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट वाकतो, मिनिटाला हजारो वेळा. काकांनी गेज उतरवून पुसलं आणि मालकाला एवढंच म्हणाले, "क्लचचा काय दोष न्हाय ह्यात." ती प्लेट पुठ्ठ्यावर भोकं छापून हँड ड्रिलनं पाडलेली होती. नवीन प्लेट व्हीएमसीवर (कॉम्प्युटरच्या मिलिंग मशिनवर) बोअर केली, जागा पक्की धरणाऱ्या दोन डॉवेल पिना दिल्या, इनपुट शाफ्टच्या टोकाला गनमेटलचा बुश टर्न केला, तेव्हा कुठं गाडी शांत झाली.

आणि प्लेट मध्यात बसली तरी संपत नाही. प्लेटच्या जाडीएवढा गिअरबॉक्स मागं जातो, म्हणजे इनपुट शाफ्ट तेवढा आखूड पडतो, क्लच प्लेटची स्प्लाइन पूर्ण पकडत नाही, रिलीज बेअरिंग पोचत नाही, स्टार्टर मोटरचे दात फ्लायव्हीलच्या रिंगशी जुळत नाहीत. एकेक गोष्ट सुटते, पण प्रत्येकाला वेगळा पार्ट. तुझ्याकडं मारुतीचा गिअरबॉक्स त्याच्या इंजिनसकट मिळतोय, कंपनीनं जुळवून दिलेला. तर तो वापर, फक्त शाफ्ट बनव.

गिअर लिव्हरला लोक शेवटचं काम समजतात. सुरुवातीच्या काळात मी एका झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवलं आणि लिव्हरचा आधाराचा रॉड चेसिसला बोल्ट केला, कारण तिथं जागा सोपी होती. गाडी साताऱ्याची, यवतेश्वरच्या घाटात चढाला तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला. गिअरबॉक्स दोनदा उघडला, आत सगळं ठीक. चूक माझ्या रॉडची होती. चढाला जोर लागला की इंजिन रबरवर मागं कलतं, लिव्हर मात्र चेसिसला धरलेली, मग मधला रॉड गिअरला न्यूट्रलकडं ओढतो. त्या मालकाचे दोन वेळचे गिअरबॉक्सचे पैसे मी परत दिले. तेव्हापासून आधाराचा रॉड गिअरबॉक्सलाच बांधतो, म्हणजे इंजिन आणि लिव्हर एकत्र हलतात. तू सुद्धा एस्टीमची मूळ रचना तशीच ठेव, रॉडची लांबी फक्त कमी-जास्त कर, आणि इथं मात्र वेल्ड चालतो कारण फिरणारा भार नाही.

एक्झॉस्टला सुरुवातीला एस्टीमचंच मॅनिफोल्ड बसतंय का बघ, बसलं तर तेच ठेव, पहिल्यांदा गाडी चालू होणं महत्त्वाचं. बसत नसेल तर एसएस 304, दीड मिलिमीटरचा पाइप, फ्लँज दहा मिलिमीटरची लेझरनं कापून. आर्गॉन मारताना फ्लँज ओढून केळ्यासारखी होते, म्हणून ती खराब हेडला बोल्टनं आवळून ठेवायची, वेल्ड झाल्यावर लगेच सोडायची नाही, गार होऊ द्यायची, आणि नंतर मिलिंगवर तोंड सपाट करून घ्यायचं. खाली जिथं पाइप वळतो तिथं लवचिक जॉइंट हवाच, नाहीतर इंजिन हललं की मॅनिफोल्ड फुटतं. फायबरपासून पाइप जमेल तेवढा लांब, मधे हवा खेळती राहील असा अॅल्युमिनियमचा पत्रा.

पाण्याचं, आपल्याकडं एप्रिल-मेमधे पारा चाळिशीला जातो, त्यामुळं रेडिएटरचं टोक इंजिनच्या हेडपेक्षा खाली राहत असेल तर सगळ्यात उंच जागी हवा काढायचा नळ किंवा वरची टाकी दे, नाहीतर हेडमधे हवा अडकते आणि काटा नॉर्मल दाखवत असताना हेड वाकतं. पेट्रोलला इंजेक्शनच्या दाबाचा पंप आणि त्याच दाबाचा होज, साधा कार्ब्युरेटरचा होज इथं फुटतो. वायरिंग कापू नकोस, एस्टीमचं अख्खं टाक, नको असलेल्या वायरी नंतर एकेक ओळखून काढ.

कुठं काय होतं ते: लेझर कटिंग आणि बेंडिंग कुपवाड, मिरज एमआयडीसीत सहज होतं, साताऱ्याच्या एमआयडीसीतही होतं, तुला कराडवरनं दोन्ही जमण्यासारखं. हॉबिंग आणि हीट ट्रीटमेंटला कोल्हापूर बघ, शिरोली, गोकुळ शिरगाव, तिथं एक-दोन नगाचं काम घ्यायला लोक कुरकुरतात, पण कुणाचा लॉट लागलेला असेल त्यात आपला जॉब घालायला तयार होतात. घाई केली नाही तर दरही बरा पडतो. ड्रॉइंगवर मटेरियल आणि हार्डनिंग कुठून कुठपर्यंत हे स्पष्ट लिही, तोंडी सांगितलेलं पाळीला माणूस बदलला की हरवतं.

गाडी चालू झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर हळू, मग सगळे माउंट उघडे करून वेल्डवर डाय टेस्ट मार. लाल रंग मारायचा, थांबायचं, पुसायचा, पांढरा स्प्रे मारायचा, चीर असली तर लाल रेघ उमटते. बोल्टवर पहिल्याच दिवशी पेंटची रेघ मारून ठेव, रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय.

तुला आत्ता करायचं ते एवढंच. इंजिन विकत घ्यायच्या आधी सॅन स्टॉर्मचं जुनं इंजिन उतरव, ओळंब्यानं त्या दोन रेघा मार, आणि मला चार मापं कळव: हबपासून हबचं अंतर, अॅक्सलच्या रेघेपासून स्टिअरिंग रॅक किती मागं आणि किती वर, पुढच्या दोन मुख्य पाइपमधली रुंदी, आणि हबच्या स्प्लाइनचे दात. दात मोजताना पहिल्या दातावर खडूची खूण कर आणि दोनदा मोज, एकानं चुकतंच.